७ नोव्हेंबर, रजिस्टर नंबर १९१४ आणि आपल्या कॉलेजांची रद्दी

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

दरवर्षी ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांमध्ये 'विद्यार्थी दिवस' साजरा होतो. राज्य सरकारने २०१७ साली तसा निर्णय काढला. हीच तारीख का? तर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, अनुक्रमांक १९१४, आणि पुढे त्या मुलाची सही.

ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली त्याने फक्त रोजचं काम केलं. हा मुलगा पुढे देशाची घटना लिहिणार हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. त्याच्यानंतर आलेल्या कारकुनांनी, हेडमास्तरांनी ते रजिस्टर जपलं, तेही बहुधा "नियम आहे म्हणून". पावसाळे गेले, वाळवी आली असेल, रंगरंगोटी झाली असेल, कपाटं इकडची तिकडे झाली असतील. रजिस्टर राहिलं. म्हणून ११७ वर्षांनी सरकारला एक दिवस ठरवता आला.

आता प्रश्न आपल्याकडचा. आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या कॉलेजांमध्ये आज एखादी मुलगी प्रवेश घेतेय, जिचं नाव ११७ वर्षांनी कुणीतरी शोधणार आहे. तिचा कागद सापडेल का?

माझं उत्तर आहे: प्रवेशाची ओळ कदाचित सापडेल. बाकी काहीही सापडणार नाही. का, ते सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. सरकारी कागद नीट ठेवायची मुंबई इलाख्यातली सुरुवात सप्टेंबर १८२१ची. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने सरकारी कागदपत्रांसाठी वेगळी कचेरी काढली. पेशवाई बुडून तीनच वर्षं झाली होती. कुणाला कुठलं इनाम, कुणाचं वतन खरं आणि कुणाचं बनावट, हे कागदाशिवाय ठरवता येत नव्हतं. म्हणजे ही कचेरी इतिहासाच्या प्रेमापोटी निघाली नव्हती, कारभार अडला म्हणून निघाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच पुन्हा पुन्हा दिसतं. मजा म्हणजे पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १८२१ला, पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. त्याची गोष्ट खाली येते.

मुंबईची ती कागदांची कचेरी म्हणजे आजचा राज्याचा पुराभिलेख विभाग. तो आहे कुठे? काळाघोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत! १८८०च्या दशकात बांधलेल्या त्या दगडी इमारतीत एका बाजूला मुलांची लेक्चर्स आणि दुसऱ्या बाजूला सतराव्या शतकापासूनचे कागद. व्हीटीला उतरून चालत जाणाऱ्या कितीतरी ठाणेकरांनी त्या कॉलेजात शिक्षण घेतलं असेल. डॉ. आंबेडकरही १९०८ साली तिथेच दाखल झाले. त्यातल्या किती मुलांना ठाऊक असेल की भिंतीपलीकडे कंपनी सरकारच्या काळापासूनचे मिठाचे, अफूचे, रेल्वेचे आणि दुष्काळाचे कागद ठेवलेले आहेत? आता हा विभाग वांद्रे-कुर्ला संकुलात न्यायची घोषणा झाली आहे. जागा मोठी मिळणार असेल तर चांगलंच आहे. पण कॉलेज आणि दफ्तरखाना एका छपराखाली असण्याची गंमत संपेल, एवढं मात्र खरं.

कॉलेजनेच स्वतः काढलेला संशोधन विभाग हवा असेल, तर मुंबईत सेंट झेवियर्सचं उदाहरण आहे. हेन्री हेरास नावाचे स्पॅनिश जेझुइट पाद्री तिथे इतिहास शिकवायला आले आणि १९२६ साली त्यांनी कॉलेजातच इतिहास संशोधनाची संस्था उभी केली. पुस्तकं, नाणी, शिल्पं, जे मिळेल ते जमवलं. आज ती हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. एका मास्तरने हट्ट धरला तर काय होतं ते तिथे जाऊन बघावं.

आणि आपलं ठाणं? ठाण्याला कागद जमवायची खोड जुनी आहे. विनायक लक्ष्मण भावे, 'महाराष्ट्र सारस्वत'कार, मिठाच्या धंद्यातला माणूस. वयाच्या बाविशीच्या आत, १ जून १८९३ला, त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं. जुन्या पोथ्यांसाठी हा माणूस गावोगाव फिरला. महानुभावांचे सांकेतिक लिपीतले ग्रंथ वाचून ते छापण्यात त्यांचा मोठा वाटा. त्याआधीही इथून 'अरुणोदय' निघत होतं, १८६६ पासून. नौपाड्यातच प्राच्यविद्या अभ्यास संस्थेने हस्तलिखितं जमवली. विद्या प्रसारक मंडळाने तर कितीतरी जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली आहेत. तेव्हा ठाणेकराला जुन्या कागदाची किंमत कळत नाही असं कुणी म्हणू नये.

पण एक फरक बघा. आपण जपतो ते दुसऱ्यांचे कागद. ज्ञानेश्वरीची प्रत, पोवाडे, बखरी. स्वतःच्या संस्थेचे कागद? ते माळ्यावर!

ठाण्याला कॉलेज तसं उशिरा आलं. विद्या प्रसारक मंडळ १९३५चं, नौपाड्यातली त्यांची शाळा तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. पण खाडीकाठी चेंदणीला त्यांचं कॉलेज सुरू झालं ते १९६९ला. तोवर मॅट्रिक झालेली पोरं डबा घेऊन लोकल पकडायची. कुणी माटुंग्याला रुईया, कुणी त्याच्याही पुढे. ठाण्यात कॉलेज निघाल्यावर काय बदललं असेल याचा विचार करा. विशेषतः मुलींचं. "गावातच कॉलेज आहे तर जाऊ दे" असं किती घरांत म्हटलं गेलं असेल? ठाणे-कल्याण पट्ट्याचा सामाजिक इतिहास लिहायचा तर हा पहिला प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर पहिल्या दहा वर्षांच्या प्रवेश अर्जांत असतं: मुली किती, वडिलांचा व्यवसाय काय, पत्ता कुठला, शाळा कुठली, फी माफी कुणाला. एका कोळीवाड्यातून, एका आगरी गावातून पहिली पदवीधर मुलगी कधी निघाली, हे दुसऱ्या कुठल्या कागदात मिळणार? जनगणनेत फक्त आकडा मिळतो.

हे अर्ज राहतात का? इथेच खरी गोम आहे.

आपल्याकडे सरकारी दफ्तराची वर्गवारी ठरलेली आहे. ज्यांनी कचेरीत नोकरी केली त्यांना पाठ असेल: अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १०, क-१ म्हणजे ५, ड म्हणजे एक वर्ष. टेबलावरच्या कामासाठी सहा गठ्ठे, त्यातला शेवटचा नष्ट करायच्या कागदांचा. पद्धत वाईट नाही. सगळंच ठेवायचं म्हटलं तर बसायला जागा उरणार नाही. पण 'अ'मध्ये काय जातं? ज्याची कारभाराला पुढे गरज लागते ते. म्हणून जनरल रजिस्टर कायम. दाखला त्यावरून निघतो. सेवापुस्तक जपतात, पेन्शनचं काम असतं. हजेरीपट, नोटिशीची वही, वाङ्मय मंडळाचे अहवाल, जिमखान्याच्या याद्या, संपाच्या वेळची पत्रकं, कॅन्टीनचे दर, स्नेहसंमेलनाची निमंत्रणं, हे सगळं काही वर्षांनी रद्दी. आणि कॉलेज म्हणजे नेमकं हेच तर असतं हो!

एक उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या पट्ट्यातल्या कॉलेजांमधून कोण कोण उभं राहिलं, कोण जीएस झालं, कुठल्या वर्षी हाणामारी होऊन निवडणूक रद्द झाली? पुढे नगरसेवक, आमदार झालेल्या अनेकांची सुरुवात तिथली. त्या निवडणुकांच्या नोटिशी, मतमोजणीचे तक्ते कुठे मिळतील ते विचारून बघा. आठवणी भरपूर मिळतील, आणि प्रत्येकाच्या आठवणीत तो स्वतःच जिंकलेला असेल.

आता म्हणाल, कॉलेज निवडणुकीचे कागद नाही राहिले तर कुणाचं काय अडलं? बरं, मग जिथे अडतं तिथे जाऊ.

जात पडताळणी ज्यांनी केली आहे त्यांना तीन तारखा झोपेतही आठवतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या मानीव दिनांकाच्या आधीचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे बहुतेक वेळा काय? आजोबांच्या शाळेचा दाखला, प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. ज्याच्या आजोबांच्या शाळेने रजिस्टर जपलं त्याचा नातू वेळेत इंजिनिअरिंगला जातो. ज्याच्या शाळेचं रजिस्टर पुरात गेलं किंवा वाळवीने खाल्लं, तो कचेरीच्या फेऱ्या मारतो. दोघांची जात तीच, हक्क तोच. फरक एका कपाटाचा.

२०२३ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर स्वतंत्र पोस्टी पडतच असतात. पण एका रात्रीत जुन्या शाळांच्या रजिस्टरांना, जन्म-मृत्यूच्या वह्यांना भाव आला. मोडी वाचणारे शोधत फिरायची वेळ आली. ज्या गठ्ठ्यांवर शंभर वर्षं कुणी फुंकर मारली नव्हती, त्यांच्यावर लाखो लोकांचं भवितव्य येऊन बसलं. १८२१ला इनामांचं होतं, तसंच. कागद ठेवणाऱ्याला कधीच माहीत नसतं की पुढचा माणूस त्यात काय शोधणार आहे.

आता डेक्कन कॉलेजची गोष्ट. १९३४ साली सरकारने ते बंद केलं. खर्च परवडत नाही, हे कारण. येरवड्याची ती सुंदर इमारत आणि एवढी मोठी जमीन. आज कुणाच्या डोळ्यात काय चमकलं असतं ते सांगायला नको. जुने विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत, कोर्टात गेले. मुद्दा काय मांडला? की या कॉलेजच्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी देणगी दिली ती शिक्षणासाठी. त्या देणगीचा विश्वस्त म्हणून सरकारवर बंधन आहे, सरकारला वाटेल तेव्हा कुलूप लावता येणार नाही. सत्तर-एक वर्षांपूर्वीचा व्यवहार! तो कागदावर होता, अटींसकट होता, म्हणून उभा राहिला. शेवटी १७ ऑगस्ट १९३९ला डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पुढे इरावती कर्वे, सांकलिया तिथे काम करत होते. महाराष्ट्राचं पुरातत्त्व आणि समाजशास्त्र ज्या संस्थेने घडवलं, ती एका देणगीच्या अटींवर वाचली.

आता आपल्याकडे बघा. आपल्या भागातली अनेक कॉलेजं देणग्यांवर, सरकारने दिलेल्या जमिनींवर, लोकवर्गणीवर उभी राहिली. जमिनींचे आजचे भाव तुम्हाला माहीत आहेत. उद्या कुणी म्हणालं की अनुदानित वर्ग परवडत नाहीत, बंद करतो, इमारतीचं दुसरं काही करतो, तर हातात काय आहे? मूळ देणगीपत्र? जमीन देतानाच्या अटी? त्या वेळच्या सभेचं इतिवृत्त? माजी विद्यार्थी संघ गेट-टुगेदर छान करतात. पण कुठल्या संघाने हे तीन कागद आपल्या संस्थेत आहेत का, असं विचारलं आहे?

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, हे मात्र आवर्जून सांगतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) म्हणतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची करून, अनुक्रमणिका लावून ठेवले पाहिजेत. ही कुणी अर्ज केल्यावर करायची गोष्ट नाही, आपणहून करायची आहे. "आम्ही खाजगी संस्था, आम्हाला लागू नाही" हे उत्तर ऐकायला मिळतं. सप्टेंबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सांगून टाकलं की सरकारी पैशावर लक्षणीय प्रमाणात चालणाऱ्या अशा संस्था माहिती अधिकाराखाली येतात. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात. मग लक्षणीय दुसरं कशाला म्हणायचं? खुद्द सरकारी कचेऱ्यांसाठी तर केंद्राचा १९९३चा आणि राज्याचा २००५चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. केंद्राच्या कायद्यात नियमाविरुद्ध अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रद्दीवाल्याला बोलावताना हे कुणाच्या डोक्यात असतं असं वाटत नाही.

मग कॉलेजं कागदच करत नाहीत का? छे! कागद इतका कधीच होत नव्हता. नॅक आली (ती स्थापन झाली १९९४ला) आणि प्राध्यापकांचं निम्मं आयुष्य फाइली करण्यात जायला लागलं. व्याख्यान झालं की अहवाल, हजेरी, बातमीचं कात्रण आणि जिओ टॅग केलेला फोटो. अक्षांश-रेखांशासकट! झाड लावलं तरी फोटो, झाड जगलं की नाही ते नंतर. पण नॅकला लागतात ती मागची पाच वर्षं. समिती येऊन गेली, ग्रेड लागली, की त्या रंगीत फाइलींचं काम संपलं. पुढच्या फेरीला पुढची पाच वर्षं. म्हणजे कॉलेजची स्मरणशक्ती नियमाने पाच वर्षांची करून ठेवली आहे आपण. सहाव्या वर्षी तीच फाइल कपाट अडवते.

आणि कागद नसलेल्या कागदांचं काय? कोविडनंतर नोटीस बोर्डाची जागा व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली. अहवाल कुणाच्या तरी वैयक्तिक गुगल ड्राइव्हवर. सर निवृत्त झाले, खात्याचा पासवर्ड सरांबरोबर गेला. प्रवेश ऑनलाइन, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं. करार संपला, नवी कंपनी आली, जुन्या वर्षांचा डेटा "मागवतो" म्हणून राहिला. साताऱ्याचं ते रजिस्टर कागदाचं होतं, म्हणून दुर्लक्ष होऊनही टिकू शकलं. हार्ड डिस्क दुर्लक्ष सहन करत नाही. कागदाला वाळवी लागायला वीस वर्षं लागतात, पेन ड्राइव्ह एका दुपारी जातो.

फार मोठं काही करायला लागत नाही. एक खोली, जिथे गळत नाही. एक माणूस, ज्याच्या कामाच्या यादीत हे लिहिलेलं आहे, "ग्रंथपाल बघतील" असं नाही. आणि एक यादी. जुने दफ्तरदार कापडी रुमालात कागद बांधून वर चिठ्ठी लावायचे. आत काय आहे ते रुमाल न सोडता कळायचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल असेच राहिले, म्हणून गो. स. सरदेसायांना त्यातून ४५ खंड काढता आले. इतिहासाच्या विभागात दरवर्षी एम.ए.ची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना शिवकालाऐवजी आपल्याच कॉलेजच्या पहिल्या दहा वर्षांची यादी करायला लावा की!

आणि शेवटचं, नौपाडेकरांसाठी. गोखले रोड, राम मारुती रोड, विष्णुनगर, भास्कर कॉलनी, जिकडे बघाल तिकडे पुनर्विकास. साठ-सत्तर सालच्या बिल्डिंगा रिकाम्या होतायत. भाड्याच्या घरात जाताना माळा साफ होतो आणि पहिली जाते ती जुनी बॅग. त्यात बाबांची फीची पावती असते, आईचं एनसीसीचं प्रमाणपत्र असतं, कॉलेजचे वार्षिक अंक असतात, तीन रांगांचा ग्रुप फोटो असतो. कॉलेजकडे नाही ते तुमच्याकडे आहे. द्यायचं की नाही ते नंतर ठरवा. आत्ता एवढंच करा: आई-बाबा समोर आहेत तोवर तो फोटो त्यांच्या हातात द्या, डावीकडून उजवीकडे नावं विचारा, आणि मागे मऊ पेन्सिलने लिहा. साल, वर्ग, कॉलेज. बॉलपेन वापरू नका, पुढच्या बाजूला उमटतं.

ज्यांच्याकडे १९६९ ते ८५ या काळातले ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या कुठल्याही कॉलेजचे अंक असतील, त्यांनी खाली कॉमेंटमध्ये कॉलेज आणि साल लिहा. अंक नको, नुसती नोंद करा. यादी मी करतो.